चित्र माणसाचं, मूत्रपिंड कुत्र्याचं

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा एक ग्रीक वैद्य जुन्या मताच्या लोकांवर भयंकर चिडला होता. ते मत मांडणाऱ्या अस्क्लेपियाडिसला जाऊन दोनशेच्या वर वर्षं झाली होती, पण त्याचे अनुयायी अजून शिल्लक होते. त्यांच्या मते माणूस जे पाणी पितो त्याची पोटात वाफ होते, ती वाफ मूत्राशयाच्या भिंतींतून आत झिरपते आणि तिथे तिचं पुन्हा पाणी होतं. मग मूत्रपिंडं कशाला? कशालाच नाही, असं ते म्हणत. गेलनचं उत्तर सडेतोड होतं. खाटकालाही यापेक्षा जास्त कळतं, असं तो लिहितो. खाटीक रोज जनावर सोलतो, दोन मूत्रपिंडं कुठे असतात ते पाहतो आणि प्रत्येकातून निघून मूत्राशयात शिरणारी नळीही पाहतो.

वाद मिटेना तेव्हा गेलनने जिवंत नर प्राणी घेतला, पोट उघडलं, दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या आणि पोट पट्टीने गुंडाळून प्राण्याला सोडून दिलं. काही वेळाने पट्टी सोडली. मूत्राशय रिकामं होतं आणि मूत्रवाहिन्या फुटतील इतक्या तट्ट फुगल्या होत्या. दोरे सोडताच मूत्राशय भरलं. मग त्याने शिश्न बांधलं आणि भरलेलं मूत्राशय चहूबाजूंनी दाबलं. एक थेंबही उलटा मूत्रपिंडाकडे गेला नाही. त्यानंतर एकच मूत्रवाहिनी बांधली, दुसरी मोकळी ठेवली. बांधलेली नळी कापली तेव्हा शीर कापल्यावर रक्त उडावं तशी लघवी उडाली. शेवटी दोन्ही नळ्या कापून पोट पुन्हा बांधलं. थोड्या वेळाने पाहिलं तर मूत्राशय कोरडं आणि जलोदर झाल्यासारखं सगळं पोट लघवीने भरलेलं. भूल नव्हती. त्या प्राण्याने काय सोसलं असेल ते वाचतानाही अंगावर काटा येतो. तरीही हे मान्य करावंच लागतं की, शंकेची एकेक वाट बंद करत नेणारा इतका नेटका प्रयोग पुढे कित्येक शतकं कुणी केला नाही.

मूत्रपिंडाबद्दलचं माणसाचं ज्ञान असं जनावरांच्या शरीरातून आलं आणि पुढेही तसंच येत राहिलं. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. टेबलावर कोणता प्राणी होता, यावर उत्तर ठरत गेलं. कधी प्राण्याने बरोबर वाट दाखवली, कधी चकवा दिला, आणि पाहणाऱ्याला बरेचदा त्याचा पत्ताही नव्हता.

गेलनच्याही आधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं की ज्यांना मूत्रपिंडं असतात त्या सगळ्या प्राण्यांत उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा वर असतं. कुत्रा, गाय, घोडा, मेंढी यांच्याबाबत ते बरोबर आहे. या चौपायांत उजव्या मूत्रपिंडाचं पुढचं टोक यकृताच्या खोबणीत बसतं आणि डावं त्याच्या मागे राहतं. डुकरात दोन्ही जवळजवळ एका पातळीवर असतात. माणसात मात्र जाडजूड यकृत वरून बसलेलं असल्यामुळे उजवं मूत्रपिंड किंचित खाली असतं. गेलननेही जनावरंच चिरली. रोममध्ये माणसाचं शव चिरण्याची रीत नव्हती, म्हणून माकडं, डुकरं आणि बोकड हेच त्याचे गुरू होते. त्यामुळे ‘उजवं वर’ हे वाक्य माणसाच्या नावावर चढलं आणि हजार-बाराशे वर्षं तसंच राहिलं.

अ‍ॅरिस्टॉटलचं आणखी एक निरीक्षण फार सुंदर आहे. माणसाचं मूत्रपिंड बैलासारखं, अनेक लहान मूत्रपिंडं जोडून केल्यासारखं असतं, असं तो म्हणतो. मोठ्या माणसाचं मूत्रपिंड वरून गुळगुळीत असतं, तेव्हा हे चूक वाटतं. पण गर्भातल्या आणि नवजात बाळाच्या मूत्रपिंडावर खरोखरच तशा भेगा असतात, त्या वय वाढताना बुजत जातात. गाईगुरांत मात्र त्या जन्मभर टिकतात. गाईचं मूत्रपिंड हातात घेतलं की द्राक्षांचा घड दाबून बसवावा तसे वीसेक गोलसर भाग वेगवेगळे दिसतात. गाईचं डावं मूत्रपिंड तर जागेवरही राहत नाही. पोटात रवंथाची प्रचंड पिशवी वाढते आणि ती त्याला ढकलत मध्यरेषेच्या पलीकडे उजव्या बाजूला नेते. गुदद्वारातून हात घालून तपासणाऱ्या गुरांच्या डॉक्टरला हेच लटकतं डावं मूत्रपिंड बोटांना लागतं.

मग 1543 मध्ये आंद्रेआस व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ आला. गेलनने जनावरं पाहून माणसाबद्दल लिहिलं, हा त्याचा मुख्य आरोप होता आणि तो खरा होता. त्या काळी मूत्रपिंडात चाळणी असते, रक्त त्या चाळणीतून गाळलं जातं, असं शिकवत. व्हेसॅलियसने त्या चाळणीचं चित्र काढलं ते तिची टर उडवण्यासाठी. पण मूत्रपिंडाचा आतला भाग दाखवायची वेळ आली तेव्हा त्याने घेतलं ते कुत्र्याचं. माणसाच्या मूत्रपिंडात चरबी फार, कुत्र्याच्यात रचना स्पष्ट दिसते, हे त्याचं कारण. बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला ते पटलं नाही. 1564 मध्ये छापलेल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथात त्याने हीच चूक व्हेसॅलियसच्या पदरात घातली. गेलनला ज्या दोषासाठी धारेवर धरलं, तोच तुम्ही केलात, असा त्याचा सूर होता.

आणि हा दोष किरकोळ नव्हता. कुत्र्याचं मूत्रपिंड उभं कापलं तर आतला सगळा गाभा एकाच लांबट कण्यात संपतो आणि लघवी त्या एका कण्यावरून झिरपते. मांजर, मेंढी, बोकड यांचंही तसंच. मटणाच्या दुकानातून आणलेला गुर्दा उभा चिरला तर हे कुणालाही घरी दिसेल. माणसाच्या मूत्रपिंडात मात्र अनेक वेगळे सुळके असतात आणि प्रत्येक सुळक्याच्या टोकाला लघवी झेलणारी स्वतंत्र वाटी असते. पाळीव जनावरांत माणसाशी सर्वांत जवळची रचना डुकराची: वरून गुळगुळीत, आत अनेक सुळके. पुढे हे डुक्कर या गोष्टीत फार महत्त्वाचं ठरणार होतं.

चाळणी मोडीत निघाली ती 1662 साली. पिसा इथे शिकणारा फ्लॉरेन्सचा लॉरेन्झो बेलिनी तेव्हा अवघा 19 वर्षांचा होता. मूत्रपिंडाचा गाभा म्हणजे नुसता घट्ट मांसाचा गोळा, असं त्याच्या आधीचे विद्वान मानत. बेलिनीने हरणाचं मूत्रपिंड कापलं तेव्हा त्याला तंतू दिसले. तंतू म्हणजे नळ्या असाव्यात, असा त्याचा कयास. मग त्याने गाभा दाबला. टोकातून पाण्यासारखा द्रव बाहेर आला. त्याने तो जिभेवर घेतला. चव खारट, लघवीची. त्या नळ्यांना आजही बेलिनीचं नाव आहे.

चार वर्षांनी, 1666 मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पीगीने मूत्रपिंडाच्या धमनीत काळा रंग मिसळलेली दारू भरली, मूत्रपिंड कापलं आणि भिंगाखाली धरलं. धमनीच्या बारीक फांद्यांना काळे गोल ठिपके लटकलेले होते. झाडाला लागलेल्या सफरचंदांसारखे, असं त्याने वर्णन केलं. या गोलांतून रस्ता नळीत जातो का, हे पाहण्यासाठी त्याने जिवंत कुत्र्याच्या शिरा आणि मूत्रवाहिनी बांधूनही पाहिलं. रस्ता दिसला नाही. तो दिसायला पावणेदोनशे वर्षं लागली.

मधल्या काळात प्रश्न रसायनशास्त्रज्ञांच्या हाती गेला. 1773 मध्ये पॅरिसच्या इलेअर रुएलने माणूस, गाय आणि घोडा यांची लघवी शेजारीशेजारी ठेवून आटवली आणि तिच्यातला पुढे युरिया म्हणून ओळखला गेलेला पदार्थ वेगळा केला. मग हा युरिया मूत्रपिंडात तयार होतो की रक्तातून नुसता बाहेर काढला जातो? 1821 मध्ये जिनिव्हात प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी जनावरांची मूत्रपिंडं काढून टाकली. मूत्रपिंडंच नाहीत, तरी रक्तात युरिया वाढत चालला. म्हणजे तो बनतो दुसरीकडे, मूत्रपिंड फक्त त्याला बाहेरची वाट देतं. एवढ्याशा प्रयोगाने मूत्रपिंडाचं काम कारखान्याचं नसून निवडानिवडीचं आहे, ही गोष्ट पक्की झाली. 1828 मध्ये व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला, तेव्हा बर्झेलियस या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला त्याने आनंदाने कळवलं की हा युरिया मला माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून करता आला.

आता क्लोद बर्नारच्या सशांची गोष्ट. मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते. 1840च्या दशकात पॅरिसमध्ये त्याच्या प्रयोगशाळेत एके दिवशी बाजारातून ससे आले. टेबलावर ठेवताच ते मुतले. ती लघवी स्वच्छ, नितळ आणि आम्लधर्मी होती. दुसरा कुणी असता तर फडक्याने पुसून मोकळा झाला असता. बर्नार थांबला. गवत खाणाऱ्या प्राण्याची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असते. सशाच्या, घोड्याच्या लघवीत चुन्याचे कण असतात, त्यामुळे ती दुधट दिसते. आम्लधर्मी, नितळ लघवी ही मांसाहारी प्राण्याची खूण. हे ससे मांसाहारी कसे झाले?

बर्नारने असा अंदाज बांधला की बाजारात त्यांना बराच वेळ खायला मिळालं नसावं. उपाशी ससा स्वतःचंच रक्तमांस खाऊन जगतो, म्हणून त्या वेळी तो मांसाहारीच. त्याने सशांना गवत घातलं. काही तासांत लघवी गढूळ आणि अल्कधर्मी झाली. मग 24 ते 36 तास उपाशी ठेवलं, पुन्हा नितळ आणि आम्लधर्मी. पुन्हा गवत, पुन्हा गढूळ. घोड्यावर करून पाहिलं, तेच. शेवटी त्याने सशांना शिजवलेलं गार गोमांस खायला घातलं. दुसरं काही नसेल तर ससे ते बिनतक्रार खातात, असं त्याने नोंदवलं आहे. आणि पोटभर खाऊनही त्यांची लघवी मांसाहाऱ्यासारखी नितळ राहिली.

मांस पचतं कसं हे पाहण्यासाठी त्याने त्यातला एक ससा चिरला, तेव्हा चरबी वाहून नेणाऱ्या पांढऱ्या रसवाहिन्या त्याला आतड्यात बऱ्याच खाली, स्वादुपिंडाची नळी जिथे उघडते तिथून पुढे दिसल्या. कुत्र्यात ही नळी वरच उघडते, म्हणून तिथे हा फरक कुणाच्या लक्षात आला नसता. त्या एका टेबलावरून स्वादुपिंडाच्या रसाचं चरबी पचवण्याचं काम उलगडलं. 1865 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात बर्नारने हा किस्सा तपशिलाने सांगितला आहे. प्राण्याच्या जातीतला फरक अडथळा समजायचा की प्रश्न विचारायची संधी, हे तिथे स्पष्ट दिसतं.

माल्पीगीच्या गोलांचं कोडं 1842 मध्ये लंडनच्या विल्यम बोमनने सोडवलं. वय 25. त्याने मूत्रपिंडाच्या धमनीत एकामागून एक अशी दोन रसायनं भरली. ती आत भेटली की पिवळा साका बनतो. बारीकशा नळ्या पिवळ्या झाल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की प्रत्येक गोलाभोवतीचं पातळ आवरण म्हणजे मूत्रनलिकेचंच फुगलेलं टोक आहे. आत रक्तकेशिकांचा गुच्छ, भोवती पेला, पेल्याला नळी. बोमनने एकाच प्राण्यावर भिस्त ठेवली नाही. माणूस, घोडा, पोपट, बोआ अजगर, बेडूक, सगळ्यांची मूत्रपिंडं त्याने तपासली. म्हणून त्याचं चित्र आजही चुकीचं ठरलेलं नाही.

गुच्छ करतो काय, यावर मात्र तो चुकला. गुच्छातून पाणी येतं आणि नळीच्या भिंतीतून झिरपलेली द्रव्यं ते पाणी धुऊन नेतं, असं त्याला वाटलं. त्याच वर्षी जर्मनीत मारबुर्गला कार्ल लुडविग नेमकं उलट म्हणत होता. रक्ताच्या दाबाने गुच्छातून भरपूर पाणी आणि विरघळलेली द्रव्यं गाळली जातात आणि नळीतून जाताना त्यातलं कामाचं परत घेतलं जातं. दोघेही 1816 साली जन्मलेले, समवयस्क. पुढची ऐंशी वर्षं या दोन मतांत झुंज चालली. ब्रेसलाऊच्या हायडेनहाइनने सशाच्या रक्तात निळा रंग सोडला. रंग नळीच्या पेशींत आढळला, गुच्छात नाही, म्हणून त्याने कौल बोमनच्या बाजूने दिला. लंडनमध्ये स्टार्लिंगने 1899 मध्ये रक्तातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद मोजली आणि रक्तदाब तिला पुरून उरतो हे दाखवलं, तेव्हा पारडं लुडविगकडे झुकलं. 1923 मध्ये बाल्टिमोरच्या मार्शलने कुत्र्यावर लाल रंगाचा प्रयोग केला आणि नळीही काही द्रव्यं स्वतःहून बाहेर टाकते हे सिद्ध केलं. थोडक्यात, मूत्रपिंड आधी गाळतं, मग परत घेतं, आणि वर आपल्याकडून थोडं टाकतंही. माणसाची दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर गाळतात आणि त्यातलं दीडएक लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं.

एवढं सगळं कळूनही एक प्रश्न उरला होता: लघवी घट्ट कशी होते? गटिंगेनच्या हेन्लेने 1862 मध्ये मूत्रपिंडाच्या गाभ्यात उतरून केसाच्या पिनेसारखे परत फिरणारे नळीचे वळसे पाहिले होते. ते कशासाठी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. 1951 मध्ये बाझेलच्या विर्ट्झ, हार्गिताय आणि कून यांनी उंदराचं मूत्रपिंड गोठवलं, त्याचे पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवत बर्फाचे कण कुठे आधी वितळतात ते पाहिलं. मीठ जास्त असेल तिथे बर्फ आधी वितळतो. काप बाहेरून आत, गाभ्याच्या टोकाकडे जाताना आधी आधी वितळत गेला. वळशाच्या दोन नळ्यांत उलटसुलट वाहणारा द्रव आत मिठाचा साठा करत नेतो आणि त्या खारट गाभ्यातून जाताना लघवीतलं पाणी शोषलं जातं.

मग पाळीव जनावरांची तुलना सुरू झाली आणि हे प्रकरण खरं रंगलं. मांजर आणि कुत्रा यांच्या मूत्रपिंडातले सगळेच वळसे लांब, गाभ्यात खोल उतरलेले. माणसात शंभरात चौदाएक. डुकरात शंभरात तीनच. मांजराची लघवी डुकराच्या जवळजवळ तिप्पट घट्ट होऊ शकते. मांजराचे पूर्वज आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातले. 1959 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की मांजर नुसत्या मासे-मांसातल्या पाण्यावर जगू शकतं आणि समुद्राचं पाणीही पचवू शकतं. तेच मांजर म्हातारपणी मूत्रपिंडाच्या रोगाने जातं, हे पाळणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. मांजराच्या एका मूत्रपिंडात दोन लाखांच्या आसपासच गाळणी असतात, कुत्र्याच्या चारेक लाख, माणसाच्या सुमारे 10 लाख, गाईच्या तर 40 लाख.

तोवर शल्यचिकित्सकांनी कुत्र्यांवर आपला वेगळा धडा गिरवायला घेतला होता. मार्च 1902 मध्ये व्हिएन्नात एमेरिख उल्मानने कुत्र्याचं मूत्रपिंड त्याच्याच मानेत बसवलं, नळी बाहेर काढली आणि वैद्यकसभेपुढे तिच्यातून ठिबकणारी लघवी दाखवली. ते पाचेक दिवस चाललं. अलेक्सी कॅरेलने रक्तवाहिन्या शिवण्याची कला इतकी नाजूक केली की 1912 मध्ये त्याला नोबेल मिळालं. कुत्र्यांवर काम करताना त्याच्या ध्यानात आलं की त्याच कुत्र्याचं मूत्रपिंड काढून त्यालाच परत बसवलं तर ते टिकतं, दुसऱ्याचं बसवलं तर बंद पडतं. शिवण तीच, मूत्रपिंड तसंच, तरी शरीर परकं ओळखतं. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरेने जुळ्या भावांपैकी एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवून पहिलं टिकाऊ यश मिळवलं. त्याआधी त्याचाही हात कुत्र्यांवरच बसला होता.

जनावराचं मूत्रपिंड थेट माणसात बसवण्याची घाई फार पूर्वीच झाली होती. उल्माननेच 1902 मध्ये डुकराचं मूत्रपिंड एका स्त्रीच्या हातात बसवून पाहिलं. 1906 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाबुलेने एका रुग्णाला डुकराचं आणि दुसऱ्याला बोकडाचं बसवलं. एकही टिकलं नाही. त्या रुग्णांपाशी दुसरा कोणताही इलाज नव्हता, हे लक्षात ठेवूनच त्यांच्याकडे पाहिलं पाहिजे.

डुक्कर परत आलं ते शंभराहून अधिक वर्षांनी. आता जनुकं बदलता येत होती. 25 सप्टेंबर 2021 रोजी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट माँटगोमेरीच्या पथकाने मेंदूमृत व्यक्तीच्या मांडीला अशा डुकराचं मूत्रपिंड जोडलं आणि ते 54 तास चाललं. 16 मार्च 2024 रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 62 वर्षांच्या रिचर्ड स्लेमन यांना 69 जनुकीय बदल केलेल्या डुकराचं मूत्रपिंड बसवण्यात आलं. ते घरी गेले आणि मे महिन्यात वारले. मृत्यू मूत्रपिंडामुळे झाल्याचा पुरावा नाही, असं रुग्णालयाने सांगितलं. त्यानंतरच्या रुग्णांत हा काळ काही आठवड्यांवरून महिन्यांवर गेला.

डुकराच्या मूत्रपिंडाचा आकार आणि आतली रचना आपल्याशी जुळते, म्हणून त्याची निवड झाली. पण त्यातले लांब वळसे थोडेच, त्यामुळे लघवी घट्ट करण्याची त्याची ताकद माणसाच्या मूत्रपिंडापेक्षा कमी. शिवाय रक्तदाब सांभाळणारं आणि तांबड्या पेशी वाढवणारं असं त्याचं जे रासायनिक काम असतं, ते डुकराच्या शरीराशी जुळलेलं असतं. उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या माणसाच्या अंगात ते कसं वागेल, तहानेवर आणि रक्तदाबावर त्याचा काय परिणाम होईल, हे आता रुग्णाच्या खाटेशेजारी रोजच्या लघवीच्या आणि रक्ताच्या तपासणीतून पाहिलं जात आहे.